क्यूबाची लांब गाडीवाट

मंडळी, मैलाचा दगड आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. गुराखी त्यावर बसून न्याहारी करतो, वाटसरू त्याला टेकून बिडी ओढतो. पण मैलाचा दगड म्हणून कोणी हिरा बसवल्याचे ऐकले आहे का? क्यूबा नावाच्या बेटावर असा हिरा बसवला होता. तिथल्या राजधानीत, हवाना शहरात, कायदेमंडळाची एक भव्य इमारत आहे. तिच्या घुमटाखाली, बरोबर मध्यभागी, जमिनीत पंचवीस कॅरेटचा हिरा जडवला होता. देशातले सगळे रस्ते मोजायचे ते या हिऱ्यापासून. शून्य किलोमीटर तो.

आता असला दगड जागेवर किती दिवस राहणार? १९४६ च्या मार्च महिन्यात तो चोरीला गेला. दोन-सव्वादोन महिन्यांनी, २ जून रोजी, खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर तो सापडला! कोणी नेला, कोणी आणून ठेवला, याचा उलगडा काही झाला नाही. पुढे १९७३ मध्ये खरा हिरा तिजोरीत गेला आणि त्याच्या जागी नक्कल बसली.

हा हिरा ज्याच्या राजवटीत बसला, त्याच्याच राजवटीत त्या बेटाचा सर्वांत मोठा रस्ता बांधला गेला. त्या रस्त्याची हकीकत आज सांगायची आहे.

गुरुजींनो, वर्गात जगाचा नकाशा असेल तर तो टांगा. उत्तर अमेरिकेच्या खालच्या कोपऱ्यात फ्लोरिडाची जीभ समुद्रात लोंबलेली दिसेल. तिच्याखाली जेमतेम ९० मैलांवर एक लांबट, निमुळते बेट आडवे पसरलेले आहे. तेच क्यूबा. तिथले लोक म्हणतात, आमचे बेट म्हणजे पाण्यावर पडलेली सुसर. सुसरीची लांबी सुमारे १,२५० किलोमीटर, आणि रुंदी मात्र काही ठिकाणी तीस-बत्तीस किलोमीटरच. जमीन बहुतेक सपाट, पाऊस मे ते ऑक्टोबर, आणि पीक म्हणाल तर ऊस. जिकडे तिकडे ऊस. तंबाखू होतो, गुरे पाळतात, पण शंभर वर्षांहून अधिक काळ या देशाचे नशीब साखरेच्या भावाला बांधलेले होते.

अशा लांब बेटाला रस्ता एकच लागतो, पण तो या टोकापासून त्या टोकापर्यंत लागतो. स्पॅनिश लोकांनी चारशे वर्षे इथे राज्य केले. त्यांच्या काळी पूर्व-पश्चिम जाणारी वाट होती, तिला ‘राजमार्ग’ असे मोठे नावही होते. पण पाऊस पडला की राजमार्गाचा चिखल व्हायचा. चिकण मातीत बैलगाडीची चाके आसापर्यंत रुतायची. म्हणून शहाणा माणूस गाडीत न बसता गलबतात बसायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जायचा.

आगगाडी मात्र त्यांच्याकडे लवकर आली. हवानाहून बेहुकालपर्यंत पहिली गाडी धावली ती १८३७ मध्ये. आपल्या मुंबई-ठाणे गाडीच्या सोळा वर्षे आधी, आणि नवल म्हणजे खुद्द स्पेन देशात रेल्वे सुरू होण्याच्या अकरा वर्षे आधी! मालकाच्या घरी गाडी नाही आणि वसाहतीत आहे, हे कसे? तर साखरेमुळे. रेल्वे माणसांसाठी नव्हती, पोत्यांसाठी होती. म्हणून ती मळ्यातून निघायची आणि बंदरावर थांबायची. पश्चिमेचे बेट आणि पूर्वेचे बेट लोखंडाने जोडले गेले ते थेट १९०२ साली. कॅनडाची रेल्वे बांधण्यात नाव कमावलेले सर विल्यम व्हॅन हॉर्न यांनी सान्ता क्लारापासून सान्तियागोपर्यंत रूळ टाकले. तेव्हा बेटावर अमेरिकन सैन्याचा अंमल होता आणि त्या काळात कोणालाही सवलतीचा परवाना द्यायचा नाही असा अमेरिकेचाच कायदा होता. व्हॅन हॉर्न यांनी युक्ती काढली. परवाना मागितलाच नाही. जमिनीचे तुकडे मालकांकडून विकत घेत गेले आणि आपल्याच जमिनीवर आपले रूळ टाकत गेले.

म्हणजे १९०२ मध्ये क्यूबा स्वतंत्र प्रजासत्ताक झाले तेव्हा रेल्वे होती, पण मोटारीने बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येत नव्हते. स्वातंत्र्यही तसे अर्धेच होते. घटनेतच एक कलम घालून अमेरिकेने हस्तक्षेपाचा हक्क राखून ठेवला होता आणि ऐपतीबाहेर कर्ज काढायचे नाही अशीही अट घातली होती. ही कर्जाची अट लक्षात असू द्या, पुढे तिचे काम पडणार आहे.

१९२० मध्ये साखरेचा भाव पौंडाला साडेबावीस सेंटपर्यंत चढला. लोकांनी बंगले बांधले, मोटारी घेतल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस भाव चार सेंटांच्याही खाली आला. बँका बुडाल्या, कारखाने अमेरिकन बँकांच्या हाती गेले. ऊसवाल्यांना हे निराळे सांगायला नको. वर चढताना जिना असतो, खाली येताना विहीर असते.

अशा वेळी १९२४ च्या निवडणुकीत एक माणूस तीन शब्द घेऊन उभा राहिला: पाणी, रस्ते, शाळा. कोणाला नको असतील या तीन गोष्टी? त्याचे नाव गेरार्दो माचादो. स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी, पुढे धंद्यात शिरलेला. तो निवडून आला, मे १९२५ मध्ये अधिकारावर बसला आणि दोन महिन्यांच्या आत सार्वजनिक बांधकामाचा कायदा झाला. पेट्रोल, मोटारी वगैरेंवर खास कर बसवून निराळा निधी उभा करायचा आणि त्यातून रस्ता बांधायचा. कर्ज नाही, उधारी नाही, येईल तसा पैसा खर्च करायचा. कागदावर योजना चोख होती.

रस्त्याचे नाव ‘कारेतेरा सेन्त्राल’. स्पॅनिश भाषेत ‘कारेता’ म्हणजे बैलांची गाडी, आणि कारेता जिच्यावरून जाते ती कारेतेरा. आपली गाडीवाटच म्हणा ना. ‘सेन्त्राल’ म्हणजे मधली. बेटाच्या पाठीच्या कण्यातून जाणारी, पश्चिमेला पिनार देल रिओपासून पूर्वेला सान्तियागोपर्यंत. वाटेत हवाना, मातान्सास, सान्ता क्लारा, सांक्ती स्पिरितुस, कामाग्वे, होल्गीन, बायामो. लांबी सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे सातशे मैलांच्या वर.

काम दोन कंपन्यांना मिळाले. एक बोस्टनची वॉरेन ब्रदर्स ही अमेरिकन कंपनी, डांबरी रस्त्यांत नावाजलेली, आणि दुसरी क्यूबातलीच ठेकेदारांची कंपनी. बांधकाममंत्री होते कार्लोस मिगेल दे सेस्पेदेस. धडाडी एवढी की लोकांनी त्यांना ‘धडाडीचा माणूस’ असेच टोपणनाव दिले होते. १९२७ मध्ये कुदळ पडली. एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला जायचे अशी रीत त्यांनी ठेवली नाही. निरनिराळ्या प्रांतांत एकदमच काम काढले आणि तुकडे वाढत वाढत एकमेकांना येऊन मिळाले.

रस्ता कसा केला तेही पाहू. वर डांबर फासून दिले की रस्ता झाला, असे नाही. उष्ण प्रदेशातला पाऊस आणि चिकण माती यांचे हाडवैर आहे. माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि तिच्यावरचे काहीही फुटते. म्हणून आधी भराव घालून रस्ता उचलायचा, दोन्ही अंगांनी पाणी जायला चर काढायचे, ओढ्यानाल्यांवर मोऱ्या आणि नद्यांवर पूल बांधायचे. मग खाली काँक्रीटचा जाड थर, आणि त्यावर खडी व डांबर यांचे घट्ट मिश्रण दाबून बसवायचे. खडीसुद्धा एकाच मापाची नको. मोठी, मधली, बारीक अशी मिसळायची, म्हणजे मोठीच्या फटीत लहान बसते आणि पाणी आत शिरायला वाव राहत नाही. रुंदी फार नव्हती. समोरासमोर आलेल्या दोन गाड्या नीट जातील एवढीच. पण टिकाऊ काम झाले.

२४ फेब्रुवारी १९३१ रोजी रस्ता रीतसर खुला झाला. तारीख मुद्दाम निवडलेली. १८९५ मध्ये याच दिवशी स्पेनविरुद्धचे शेवटचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. चार वर्षांच्या आत सातशे मैल पक्की सडक! त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती, आणि ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

आता पैशाची गोष्ट. खास करांचा निधी थेंबाथेंबाने भरत होता आणि कामाचा हौद मोठा होता. तेव्हा तोड काढली ती हुंडीची. ठेकेदाराने मैल-दोन मैल रस्ता करायचा, सरकारने रोख न देता ‘अमुक मुदतीनंतर पैसे देऊ’ असा दाखला द्यायचा, ठेकेदाराने तो दाखला न्यूयॉर्कच्या चेस नॅशनल बँकेकडे न्यायचा आणि तिथून रोख घ्यायची. सरकारने कर्ज काढले का? नाही बुवा, आम्ही फक्त दाखले दिले! त्या घटनेतल्या अटीला वळसा असा पडला. पुढे दाखल्यांचे रोखे झाले, रोखे अमेरिकेतल्या सामान्य माणसांना विकले गेले आणि १९३० पर्यंत कर्जाचा आकडा कोट्यवधी डॉलरांवर गेला. रस्त्याचा एकूण खर्च दहा कोटी डॉलरांच्या वर गेला. १९३१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत होती. म्हणजे पाळण्यातले मूल धरून माणशी पंचवीस डॉलर. गुरुजींनी हे गणित मुलांना जरूर घालावे.

त्याच बँकेच्या हवाना शाखेत माचादो यांच्या जावयाला मोठ्या हुद्द्याची नोकरी होती. १९३३ मध्ये अमेरिकेच्या सेनेटने बँकांची चौकशी केली तेव्हा बँकेचाच आतला पत्रव्यवहार बाहेर आला. धंद्याच्या दृष्टीने या गृहस्थांचा काडीचा उपयोग नाही, असा त्याचा सूर होता. मग त्यांना ठेवले कशाला, हे आपण समजून घ्यावे.

रस्ता पुरा झाला तेव्हा जगभर मंदी आली होती. १९३२ मध्ये साखर पौंडाला एक सेंटाच्याही खाली उतरली. ऊस तोडायची मजुरी निघेना. अशा वेळी तिजोरीत जे काही येत होते त्यातून आधी परदेशी बँकांचे हप्ते जात होते, आणि शिक्षकांचे व कारकुनांचे पगार महिनोन्‌महिने थकत होते. पाणी, रस्ते, शाळा यांतला रस्ता तेवढा झाला आणि शाळेतला मास्तर उपाशी राहिला. माचादो यांनी १९२८ मध्येच घटना फिरवून स्वतःला आणखी सहा वर्षे मिळवली होती. विरोध करणाऱ्यांना तुरुंग किंवा गोळी. हवाना विद्यापीठ १९३० मध्ये बंद केले.

गंमत पहा, या रस्ते बांधणाऱ्याचा शेवट कोणी केला? १९३३ च्या जुलै अखेरीस हवानाच्या बसवाल्यांनी संप केला. त्यांच्यामागून बाकीचे आले, ट्राम थांबली, बंदर थांबले, दुकाने बंद झाली. अमेरिकेनेही हात काढून घेतला आणि सैन्यही फिरले. १२ ऑगस्ट १९३३ रोजी माचादो देश सोडून पळाले, ते विमानाने. सातशे मैलांचा रस्ता त्यांच्या उपयोगी पडला नाही.

कर्ज मात्र पळाले नाही. नव्या सरकारांनी ते देण्याचे थांबवले, वाद झाला, तडजोड झाली आणि जुन्या रोख्यांच्या बदली नवे रोखे निघाले. त्यांची मुदत होती १९७७ पर्यंत! १९२७ ची कुदळ आणि १९७७ चा हप्ता. बापाने केलेला रस्ता आणि नातवाने फेडायचे देणे. पुढे क्रांती झाली आणि फेड थांबली, ती निराळी गोष्ट.

एवढे सगळे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग रस्ता वाईटच झाला. तसे म्हणता यायचे नाही. रस्ता झाल्यावर दोनअडीच दिवसांचे प्रवास दिवसावर आले. बस सुरू झाल्या, मालमोटारी आल्या, दूध, भाजी, गुरे रेल्वेच्या वेळापत्रकाची वाट न पाहता शहरात जाऊ लागली. रस्त्यावरच्या गावांत खाणावळी, गॅरेजे, बाजार उभे राहिले. उणीव होती ती निराळीच. खोड झाले होते, फांद्या नव्हत्या. मोठ्या सडकेपासून आत पाच मैलांवर राहणाऱ्या शेतकऱ्याची वाट आजोबांच्या वेळची, तीच चिखलाची. पावसाळ्यात त्याचा माल घरात कुजायचा, आणि दूरवर मोटारींचे दिवे मात्र दिसायचे. जागतिक बँकेचे एक मंडळ १९५० मध्ये पाहणीसाठी आले. त्याच्या अहवालात शेतापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यांची ही उणीव तर होतीच, शिवाय मोठ्या रस्त्याची निगा नीट राहत नाही हीही तक्रार होती. माझ्या मते यात नवल नाही. नव्या रस्त्याला फीत कापायला मंत्री येतो, जुन्या रस्त्याचा खड्डा बुजवायला कोण येणार?

पुढे १९५० च्या दशकात बातिस्ता यांची लष्करी हुकूमशाही आली आणि तिच्याविरुद्ध पूर्वेच्या डोंगरांत फिदेल कास्ट्रो यांचे बंडखोर उठले. सडक सरकारच्या ताब्यात होती. रणगाडे, ट्रक, शिपाई तिच्यावरून जायचे. म्हणून १९५८ च्या ऑगस्ट अखेरीस चे गव्हेरा आणि कामिलो सिएन्फुएगोस यांच्या तुकड्या पश्चिमेकडे निघाल्या तेव्हा त्यांनी ही सडक टाळली. वादळपावसात, दलदलीतून, पायातले बूट कुजेपर्यंत दीड महिना चालत त्या मध्य प्रांतात पोहोचल्या. रस्ता जवळ असून चिखलातून जायचे, कारण रस्ता आपला नाही!

डिसेंबरमध्ये चित्र पालटले. १६ तारखेला गव्हेरा यांच्या माणसांनी सान्ता क्लाराजवळ फाल्कोन इथला सडकेवरचा पूल उडवला. बेटाचा कणाच मोडला म्हणायचा. पूर्वेचे सैन्य पूर्वेला, पश्चिमेचे पश्चिमेला. वर्षाच्या अखेरच्या दिवसांत सान्ता क्लारा पडले आणि १ जानेवारी १९५९ च्या पहाटे बातिस्ता पळाले. तेही विमानानेच.

आणि मग ज्यांनी रस्ता टाळला होता ते रस्त्यावर आले. कास्ट्रो यांना विमानाने दोन-तीन तासांत हवाना गाठता आली असती. त्यांनी तसे केले नाही. २ जानेवारीला ते सान्तियागोहून निघाले आणि ८ तारखेला हवानात पोहोचले. बायामो, होल्गीन, कामाग्वे, सान्ता क्लारा, मधे आडवाट करून सिएन्फुएगोस, मग मातान्सास. गावागावांत गर्दी, चौकाचौकांत तासन्‌तास भाषणे. वृद्ध, बायाबापड्या, मुले सडकेच्या दोन्ही अंगांना उभी. माचादो यांनी ज्या सडकेवर आपले नाव कोरायचे ठरवले होते, ती सडक लोकांच्या आठवणीत या मिरवणुकीच्या नावाने राहिली. पुढे त्या राजवटीचे बरेवाईट काय झाले, किती लोक देश सोडून गेले, कितींना तुरुंग पाहावा लागला, हा मोठा विषय आहे आणि त्याला दुसरे व्याख्यान लागेल.

नव्या सरकारला जुनी सडक अरुंद वाटू लागली. १९७० च्या दशकात रशियाच्या मदतीच्या बळावर नवा राष्ट्रीय महामार्ग काढला. आठ पदरी, गावांना बगल देणारा. हवानाहून पश्चिमेला पिनार देल रिओपर्यंत तो झाला. पूर्वेला सांक्ती स्पिरितुस प्रांतात तागुआस्कोपर्यंत आला, आणि १९९० च्या सुमारास सोव्हिएत संघ कोसळला. पैसा थांबला, रस्ताही तिथेच थांबला. पूर्वेकडे पुढे सान्तियागोजवळ थोडे तुकडे झाले आहेत, पण मधली मोठी जागा रिकामीच राहिली. आठ पदरांवरून सुसाट आलेली गाडी तागुआस्कोपाशी खाली उतरते आणि मुकाट्याने १९३१ च्या अरुंद सडकेला लागते.

रशियाचे तेल बंद झाल्यावर १९९० नंतरची काही वर्षे फार हलाखीची गेली. चीनमधून लाखो सायकली आणल्या. नांगराला ट्रॅक्टरऐवजी पुन्हा बैल जुंपले. रस्त्यावर पिवळ्या कपड्यांतली सरकारी माणसे उभी राहू लागली. सरकारी गाडीत जागा रिकामी दिसली की हात करून ती थांबवायची आणि खोळंबलेल्या वाटसरूंना तिच्यात बसवून द्यायचे, हे त्यांचे काम. लोक त्यांना ‘पिवळे’च म्हणत.

२०१६ च्या नोव्हेंबरात फिदेल कास्ट्रो वारले. ३० नोव्हेंबरला त्यांची रक्षा एका लष्करी गाडीमागच्या छोट्या गाड्यावर ठेवून हवानाहून निघाली, आणि १९५९ ची वाट उलट्या दिशेने चालत ३ डिसेंबरला सान्तियागोला पोहोचली. पुन्हा दोन्ही अंगांना माणसे उभी. सत्तावन्न वर्षांपूर्वी आईच्या कडेवर बसून ज्यांनी येताना पाहिले होते, त्यांतले काही आता नातवंडांचा हात धरून जाताना पाहत होते.

मिरवणूक गेल्यावर सडक पुन्हा रोजच्या कामाला लागली. पूर्वेच्या प्रांतांत आजही ट्रक, बस, घोड्याचे टांगे, सायकली आणि बैलगाड्या याच एका पट्टीवरून जातात. सुगीच्या दिवसांत कडेचे शेतकरी तापलेल्या डांबरावर साळी वाळत घालतात, आणि ट्रकवाले तेवढी कड सोडून गाडी काढतात.